तूप सोडलं, तरी एलडीएल का उतरत नाही?

'डॉक्टर, माझं वय ४१, वजन ५२ किलो. कर्वेनगरला राहते, शाळेत शिकवते. आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा घरात येत नाही. दिवाळीनंतर शाळेतल्या आरोग्य तपासणीत माझं कोलेस्टेरॉल २९८ निघालं, एलडीएल २२४. त्या दिवसापासून तूप, लोणी, खोबरं, तळण सगळं बंद केलं. रोज पहाटे तळजाईवर जाते. सहा महिन्यांनी परत रक्त दिलं, एलडीएल २१३. एवढं करून उतरलं फक्त अकरा! माझे मिस्टर दर रविवारी मिसळ आणि वर जिलबी खातात, टेकडीकडे फिरकत नाहीत, आणि त्यांचं एलडीएल ११७. सोनोग्राफीत त्यांचं लिव्हर फॅटी आलंय, माझं अगदी स्वच्छ आहे. आमच्या डॉक्टरांनी मला रोसुवास्टॅटिन लिहून दिलंय. सासूबाई म्हणतात, "ती गोळी लिव्हर खाते, धडधाकट लिव्हर कशाला बिघडवून घेतेस?" दोन महिने स्ट्रिप तशीच खणात पडून आहे. माझे वडील ४९व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मला ११ वर्षांची मुलगी आहे, चिंचवडला धाकटा भाऊ आहे. माझं नेमकं चुकतंय कुठे? – स., कर्वेनगर'

प्रिय स. ताई,

तुमचं काहीही चुकलेलं नाही. पत्रात तुम्ही हा प्रश्न शेवटी विचारलात, पण सहा महिने तो तुमच्या मनात पहिला असणार, म्हणून उत्तरही पहिलं देते. तुम्ही खाल्लेल्या घासांमुळे तुमचं एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, २२४ झालेलं नाही. बहुतेक ते तुम्ही जन्मताच घेऊन आलात.

काळीज म्हटलं की आपला हात छातीवर जातो. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की यकृत मिळतं, आणि दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. तुमच्या बाबतीत ही सरमिसळ अगदी खरी आहे. तुमच्या हृदयाला जो धोका आहे, त्याचं मूळ उजव्या बरगड्यांखाली, लिव्हरमध्ये आहे. सोनोग्राफीत 'स्वच्छ' दिसणाऱ्या लिव्हरमध्येसुद्धा. सोनोग्राफीला आकार दिसतो, साठलेली चरबी दिसते. लिव्हर रक्तातून काय परत घेतंय आणि काय घेत नाहीये, हे तिला दिसत नाही.

तेल पाण्यात मिसळत नाही आणि रक्तात पाणीच जास्त. त्यामुळे चरबी आणि कोलेस्टेरॉल रक्तातून न्यायचं तर गाठोडं बांधून न्यावं लागतं. आत चरबी आणि वरून प्रथिनाचं आवरण असलेल्या या गाठोड्याला लायपोप्रोटीन म्हणतात. पुण्याच्या माणसाला हे समजावताना मी नेहमी गुलटेकडीच्या मार्केट यार्डाचं उदाहरण देते. यार्डातून टेम्पो ठासून भरून निघतो, पेठापेठांतून माल उतरवत जातो आणि हलका होऊन परत येतो. लिव्हरमधून निघणारा भरलेला टेम्पो म्हणजे व्हीएलडीएल. त्यात मुख्यतः ट्रायग्लिसराइड, म्हणजे इंधनाची चरबी. स्नायूंजवळ आणि चरबीच्या पेशींजवळ हा माल उतरतो. टेम्पो लहान होत जातो, पण कोलेस्टेरॉल आतच राहतं. शेवटी जे उरतं ते एलडीएल. त्याला आता यार्डात परत जायचं असतं, आणि यार्डाला फाटकं असतात.

ही फाटकं म्हणजे लिव्हरच्या पेशींवरचे एलडीएल रिसेप्टर. रक्तातून बाहेर काढलं जाणारं एलडीएल सुमारे ७० टक्के लिव्हरच ओढून घेतं, ते या फाटकांतून. एलडीएलचा कण आला की फाटक त्याला धरून पेशीत घेऊन जातं, आत सोडतं आणि दहा-एक मिनिटांत पुन्हा पृष्ठभागावर येऊन उभं राहतं. फाटकं पुरेशी असतील तर एलडीएलचा कण दोन-तीन दिवसांत रक्तातून नाहीसा होतो. निम्मीच असतील तर त्याचा रक्तातला मुक्काम जवळजवळ दुप्पट होतो. टेम्पो तेवढेच निघतात, पण परतीची रांग रस्त्यावर लागते.

टेम्पोची तुलना इथेच सोडते, कारण पुढचं नुकसान रस्ता तुंबण्यासारखं नसतं. रक्तवाहिनी म्हणजे आत गाळ साचणारा नळ, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात एलडीएलचे कण वाहिनीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतात आणि तिथे अडकतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, कोलेस्टेरॉलने फुगतात आणि तिथेच मरतात. अशी गाठ वर्षानुवर्षं भिंतीत वाढते. माणसाला काही जाणवत नाही. एके दिवशी तिचं पातळ टोपण फुटतं, वर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद होते. झोपेत, चालताना, वर्गात शिकवताना, कधीही. म्हणून आजचा आकडा किती हा अर्धाच प्रश्न आहे. तो किती वर्षं तसा आहे, हा उरलेला अर्धा. तुमचा आकडा ४१ वर्षं असा असेल, तर आणखी दोन महिने स्ट्रिप खणात ठेवू नका.

हे फाटकांचं गणित अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन डॉक्टरांनी १९७३-७४ च्या सुमारास उलगडलं. त्यांच्याकडे अशी मुलं यायची ज्यांचं कोलेस्टेरॉल हजाराच्या घरात असे आणि ज्यांना शाळेच्या वयात हार्ट अटॅक येत असे. त्यांच्या पेशींवर एलडीएल धरणारं फाटकच नव्हतं. १९८५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पण मला त्याहून जास्त आठवते ती स्टॉर्मी जोन्स. टेक्सासची ही सहा वर्षांची मुलगी. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून बिघडलेलं जनुक आलेलं. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी पिट्सबर्गला डॉ. थॉमस स्टार्झल यांच्या चमूने तिला एकाच वेळी नवीन हृदय आणि नवीन लिव्हर बसवलं. हृदय निकामी झालं होतं म्हणून हृदय. पण लिव्हर का? ते तर बाकी सगळी कामं नीट करत होतं. कारण जुनं लिव्हर ठेवलं असतं तर नवीन हृदयाचीही तीच गत झाली असती. आधी एलडीएल हजाराच्या जवळ होतं, नवीन लिव्हरने ते दोनशेच्या आत आणलं. १९९० मध्ये ती मुलगी गेली. पण रक्तातलं एलडीएल कोण ठरवतं, याचं इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्या रुग्णाने दिलेलं मला माहीत नाही.

तिला दोन्ही बाजूंनी खराब जनुक मिळालं होतं, असं फार क्वचित घडतं. एकाच बाजूने मिळणं मात्र मुळीच दुर्मीळ नाही. जगभरात साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला हे असतं. डॉक्टरी भाषेत फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, मी घरगुती भाषेत 'घराण्याचं कोलेस्टेरॉल' म्हणते. १९० च्या वरचं एलडीएल, बारीक अंगकाठी, नॉर्मल थायरॉइड आणि पन्नाशीच्या आत गेलेले वडील, एवढं एकत्र दिसल्यावर माझी शंका तिकडेच जाते. तुमचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीचा आकडा, २.८ आहे हे मी तुमच्या रिपोर्टात मुद्दाम शोधलं. थायरॉइड मंदावलं तर लिव्हरवरची फाटकं कमी होतात आणि एलडीएल चढतं, मग आधी थायरॉइडचा उपचार करायचा असतो. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

आता एक काम करा. खुर्चीवर बसा, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्या, आणि टाचेच्या वर मागच्या बाजूला जी जाड दोरीसारखी शीर आहे (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी), ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून वरून खाली या. ती सगळीकडे सारखी, गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंनी चपटी लागायला हवी. मध्ये जाड, गाठाळ, वाटाणा अडकल्यासारखी लागली, तर ते बहुधा कोलेस्टेरॉल आहे. हाताच्या बोटांच्या मागच्या शिरांवरही अशा गाठी येतात. तशीच खूण डोळ्यांतही दिसू शकते. बुबुळाच्या कडेने पांढुरकं कडं पंचेचाळिशीच्या आत दिसलं तर ती खूण महत्त्वाची. यातलं काहीच नसलं तरी आजार नाही असं होत नाही. पण असलं तर शंका फार बळावते.

ही चिमटी मी फार उशिरा शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या दवाखान्यात एक पस्तिशीचा माणूस यायचा. चप्पल चालते, बूट मागून चावतो, एवढीच तक्रार. टाचेवरची शीर दोन्ही पायांना जाड होती. मी सूज म्हणून गोळ्या दिल्या, मऊ बूट घ्या म्हटलं. दीड वर्षाने तो अतिदक्षता विभागात दाखल झाल्याचं कळलं आणि त्याचं एलडीएल मला पहिल्यांदा तिथल्या कागदावर दिसलं, २६०. शीर माझ्या हातात होती आणि मी रक्त तपासायला पाठवलं नव्हतं. तो वाचला. पुढे त्याने आपल्या बहिणीला स्वतः माझ्याकडे आणलं, तिची शीरही तशीच होती. तेव्हापासून एलडीएल जास्त आलेल्या प्रत्येकाचा पाय मी हातात घेऊन बघते. तुमच्या डॉक्टरांनाही बघायला सांगा, संकोच करू नका.

मग तूप सोडल्याचा काही उपयोगच झाला नाही का? झाला. तुपातल्या, लोण्यातल्या, खोबऱ्यातल्या संपृक्त चरबीने लिव्हरवरच्या फाटकांची संख्या घटते. म्हणून तूप जास्त खाल्लं की एलडीएल वाढतं. ते तूप जसंच्या तसं रक्तवाहिनीत जाऊन बसतं म्हणून नव्हे. ते बंद केल्यावर तुमच्याकडे जी फाटकं आहेत ती थोडी जास्त उघडली, आणि अकरा उतरले. पण मुळात फाटकाच्या दोन जनुकांपैकी एक कामाचंच नसेल तर ताटात काहीही केलं तरी तेवढंच मिळणार. आहार सांभाळाच, पण स्वतःला जाळू नका. होळीच्या पुरणपोळीवर चमचाभर तूप घेतल्याने तुमचं नशीब बदलणार नाही. रोजच्या रोज वाटीभर घेतलं तर फरक पडतो. बेकरीतली खारी आणि वनस्पती तूप मात्र माझ्या मते घरातून गेलेलंच बरं.

आहारातली एक गोष्ट वाढवा. आपण 'पित्त झालं' म्हणतो ते बहुधा ॲसिडिटीबद्दल. खरा पित्तरस लिव्हर बनवतं, आणि तो बनतो कोलेस्टेरॉलपासून. आतड्यात काम झालं की त्यातले ९५ टक्के पित्ताम्ल पुन्हा शोषले जाऊन लिव्हरकडे परत येतात. फारच काटकसरी व्यवहार. इसबगोल, ओट्स, राजमा, भेंडी यांतला चिकट, विरघळणारा तंतू हे पित्ताम्ल धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर काढतो. मग लिव्हरला नवीन पित्तरसासाठी कोलेस्टेरॉल लागतं, आणि ते मिळवायला ते रक्तातून एलडीएल ओढतं. रोज इसबगोल नियमाने घेतल्याने एलडीएल पाच-दहा टक्के उतरतं. तुमच्या घरी बद्धकोष्ठासाठी डबा असेलच. तो पाण्याबरोबर घ्या, आणि इतर गोळ्यांपासून दोन-तीन तास लांब ठेवा.

आता तुमचे मिस्टर. त्यांचं ११७ पाहून तुम्हाला अन्याय झाल्यासारखं वाटतंय ते मला कळतं, पण त्यांचा रिपोर्ट चांगला नाही. तुम्ही शिक्षिका आहात, हिशेब करून बघा. आपल्याकडच्या बहुतेक रिपोर्टांत एलडीएल मोजलेलं नसतं, काढलेलं असतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (ज्याला 'चांगलं' कोलेस्टेरॉल म्हणतात ते) वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. तुमचं: २८२ वजा ५० वजा १९, बरोबर २१३. त्यांचं: २०५ वजा ३४ वजा ५४, म्हणजे ११७. ट्रायग्लिसराइड २७० आहे म्हणून वजाबाकीत एवढी मोठी रक्कम गेली, आणि असं जास्त असलं की या सूत्रात एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसतं. त्याऐवजी एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा: १७१. याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि कमी धोक्याच्या माणसातसुद्धा ते १३० च्या खाली हवं.

त्यांच्या लिव्हरचा बिघाड तुमच्या उलट आहे. तुमचं लिव्हर परत घेत नाही, त्यांचं बेसुमार पाठवतं. साखर, मैदा आणि पोटावरची चरबी यांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, लिव्हर स्वतःच चरबी बनवत सुटतं, काही आत साठवतं आणि उरलेली व्हीएलडीएलमध्ये ठासून बाहेर पाठवतं. त्यातून ट्रायग्लिसराइड चढतं, एचडीएल पडतं, आणि एलडीएलचे कण बारीक होतात. बारीक कणात कोलेस्टेरॉल कमी मावतं, म्हणून रिपोर्टात एलडीएल ठीक दिसतं आणि कण मात्र भरपूर असतात. प्रत्येक टेम्पोवर एपोबी नावाचं प्रथिन एक आणि एकच असतं. त्यामुळे एपोबीची तपासणी म्हणजे माल न मोजता टेम्पो मोजणं. त्यांनी ती करून घ्यावी असं मी सुचवेन.

'पण ते काही लठ्ठ नाहीत' असं तुम्ही म्हणाल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नाला आयुष्य दिलंय. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडसडीत दिसणाऱ्या आपल्या माणसांत आतून किती चरबी असू शकते, ते या एका फोटोने जगाला दाखवलं. तुमच्या मिस्टरांना माझा निरोप द्या. मिसळ एक वेळ चालेल, आधी जिलबी थांबवा, आणि वजनातले सात-आठ टक्के उतरवा. फॅटी लिव्हरला वजन उतरवण्याइतका गुण दुसऱ्या कशाचाच सहसा येत नाही. तळजाईला दोघं मिळून जा. तुम्हाला ज्या गोष्टीने फारसा फरक पडला नाही, तीच त्यांना खूप देईल.

आता सासूबाईंची शंका. ती त्यांच्या मायेपोटी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही, म्हणून नीट उत्तर देते. तुमची रोसुवास्टॅटिन ज्या गटातली आहे ती स्टॅटिन लिव्हरमध्ये जाऊन काम करते, हे त्यांचं बरोबर आहे. काम काय, ते सांगते. लिव्हरची पेशी स्वतःही कोलेस्टेरॉल बनवते. ही गोळी त्या कामातलं एक एन्झाइम अडवते. पेशीतलं कोलेस्टेरॉल कमी पडू लागलं की पेशीला चाहूल लागते आणि ती जनुकांना निरोप पाठवते, फाटकं वाढवा. रक्तातून एलडीएल जास्त ओढलं जातं. म्हणजे गोळी रक्तात जाऊन काही 'विरघळवत' नाही, रक्त पातळही करत नाही. लिव्हरला जे काम मुळात येतं तेच ते जास्त जोमाने करतं. तुमच्याकडे दोन जनुकांपैकी एक चांगलं आहे. गोळी त्या चांगल्या जनुकाकडून जास्त फाटकं बनवून घेते. तुमच्यासारख्यांना ही गोळी लागू पडते ती त्यामुळेच.

या औषधाचा जन्म तांदळावरच्या बुरशीतून झाला, हे सासूबाईंना सांगितलंत तर कदाचित भीती थोडी कमी होईल. जपानचे अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले, आणि क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना पहिला स्टॅटिन सापडला. १९८७ मध्ये अमेरिकेत या गटातलं पहिलं औषध बाजारात आलं. एवढ्या वर्षांत, कोट्यवधी लोकांनी घेऊन, लिव्हरला गंभीर इजा झाल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. काहींचं एसजीपीटी, म्हणजे रक्तात मोजलं जाणारं लिव्हरचं एन्झाइम, सुरुवातीला थोडं वाढतं आणि बहुधा आपोआप खाली येतं. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपलीकडे गेलं तर मात्र थांबून विचार करायचा. गोळीआधी एकदा तपासणी पुरते, पुढे लक्षणं असतील तेव्हा, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्येच सांगितलं. तुमचं एसजीपीटी ३४ आहे. मिस्टरांना उद्या हीच गोळी लागली, तर फॅटी लिव्हर हे ती टाळण्याचं कारण नाही.

दुष्परिणाम नाहीतच असं मी म्हणणार नाही. ज्यांची साखर आधीच काठावर आहे, त्यांच्यात मधुमेह थोडा लवकर उघड होतो. तुमची साखर नॉर्मल आहे. स्नायू दुखणं ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. त्याबद्दल लंडनला झालेला एक सुंदर प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गोळीच्या त्रासामुळे ती सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या: चारांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, चार रिकाम्या. रोजचा त्रास त्यांनी नोंदवला. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास, त्याचा ९० टक्के बिनऔषधाच्या गोळीनेही झाला. त्रास खोटा नव्हता, दुखत खरंच होतं, पण कारण बहुतांशी धास्ती होती. तेव्हा दोन महिने सासूबाईंचं ऐकून पहिली गोळी घ्याल आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतील, तर घाबरून बंद करू नका. डॉक्टरांशी बोला. लघवीचा रंग चहासारखा झाला किंवा अंग उचलवेनासं झालं, तर त्याच दिवशी गोळी थांबवा आणि दाखवा. आणि पुन्हा बाळाचा विचार असेल तर गोळी सुरू करण्याआधी सांगा, तेव्हा ती चालत नाही.

रोसुवास्टॅटिन दिवसात कधीही घेतली तरी चालते, फक्त वेळ रोज एकच ठेवा. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सूचना काढल्या. त्यात कमी धोक्याच्या माणसाला एलडीएल १०० च्या खाली आणि जास्त धोक्याच्या माणसाला ७० च्या खाली सांगितलंय. तुम्ही दुसऱ्या गटात. एका गोळीने तिथवर पोचणं कठीण असतं, आणि डोस दुप्पट केल्याने फक्त सहा-एक टक्के आणखी उतरतं. म्हणून डॉक्टर आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषणं अडवणारी एझेटिमाइब जोडतील. त्याचा अर्थ आजार बळावला असा घेऊ नका. त्यानेही भागलं नाही तर पीसीएसके-९ ला अडवणारी इंजेक्शनं आहेत. पीसीएसके-९ हे प्रथिन फाटकांना पेशीत गेल्यावर परत येऊ देत नाही, तिथेच मोडून टाकतं. काही माणसांत त्याच्या दोन जनुकांपैकी एक जन्मापासूनच निकामी असतं. अमेरिकेतल्या अशा कृष्णवर्णीय लोकांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली: त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्केच कमी होतं, पण हृदयरोग ८८ टक्के कमी. लवकर सुरू करण्याबद्दल माझा एवढा आग्रह का, ते यातून कळेल. इंजेक्शनं महाग आहेत आणि तुम्हाला ती लागतीलच असं नाही.

त्याच रक्तात एकदा लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच आणखी एक कण, तपासून घ्या. तेही लिव्हरच बनवतं, जवळजवळ पूर्ण आनुवंशिक आहे, आहाराने हलत नाही आणि स्टॅटिनने उतरत नाही. ५० च्या वर असेल तर बाकी सगळं जास्त काटेकोर करावं लागतं. आयुष्यात एकदा तपासलं की पुरतं.

आणि आता ज्यासाठी मी तुमचं पत्र इतर पत्रांच्या आधी घेतलं ते. हे जनुक असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून ते मुलाला मिळण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी असते. तुमच्या वडिलांकडून ते तुमच्याकडे आलं असेल, तर तुमच्या भावाची शक्यता निम्मी, आणि तुमच्या मुलीचीही निम्मी. भावाने कधी रक्त तपासलंय का, याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तो तुमच्याहून धाकटा आहे, पुरुष आहे, आणि या आजारात पुरुषांना हार्ट अटॅक बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी येतो. सिगारेट ओढत असेल तर त्याहूनही आधी. मुलीची लिपिड तपासणी आत्ताच करा. तिला उपाशी ठेवायची गरज नाही, शाळेतून आल्यावर केली तरी चालेल. जास्त निघालं तर गोळीचा निर्णय बालरोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून घेतील. आठ-दहा वर्षांपासून पुढे ती देता येते. तिला यातलं किती आणि कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण तिच्यासमोर 'आपण काय खाल्लं म्हणून असं झालं' हे वाक्य नको.

आजच्या रात्रीसाठी एवढंच करा: खण उघडून स्ट्रिपवरची मुदत बघा आणि जेवणानंतर एक गोळी घ्या. भावाला फोन करा. तो टाळाटाळ करणारा असेल तर 'आधी टाचेवरची शीर चिमटीत धरून बघ' एवढंच म्हणा, माणसं ते लगेच करतात. तुमचं पत्र इथे छापून यायला वेळ लागतो म्हणून हेच उत्तर तुम्हाला आधी पोस्टाने पाठवलं आहे. सोबत दोन वेगळी पानं आहेत, एक तुमच्या डॉक्टरांसाठी आणि एक भावासाठी.